सगळेच हाइनरिख

जर्मनीत थुरिंगिया राज्याच्या पार कोपऱ्यात, सॅक्सनीच्या हद्दीला चिकटून, ग्राइट्स नावाचं एक गाव आहे. लोकसंख्या वीस हजारांच्या आसपास, मधून वाइसे एल्स्टर नदी वाहते, डोंगरावर एक राजवाडा, खाली नदीजवळ दुसरा राजवाडा, आणि या सगळ्यावर सहाशेहून जास्त वर्षं एकाच घराण्याचं राज्य. घराण्याचं नाव रॉइस. इथपर्यंत विशेष काही नाही, जर्मनीत कुठंही दगड भिरकावला तरी तो एखाद्या राजवाड्याच्या आवारातच पडायचा. विशेष हे की या घराण्यात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिख. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. थोरला हाइनरिख, मधला हाइनरिख, धाकटा हाइनरिख, काका हाइनरिख, चुलतभाऊ सगळे हाइनरिख. आईनं जेवायला हाक मारली की कोण कोण धावत यायचं देव जाणे.

ओळखायचं कसं, तर नंबरावरून. आणि हा नंबर आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो तसला नाही, एडवर्ड सातवा म्हणजे त्या नावाचा गादीवर बसलेला सातवा राजा, तसं इथं नाही. इथं नंबर जन्माला आल्याबरोबर मिळायचा, गादी मिळो न मिळो. घराण्याच्या दोन मुख्य शाखा, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि दोघांचे नियमही वेगळे. थोरल्या पातीनं ठरवलं की शंभरापर्यंत मोजायचं आणि मग पुन्हा एकपासून. धाकटीनं ठरवलं की दर शतकाला मोजणी नव्यानं सुरू करायची. त्यामुळे धाकट्या पातीत अठराव्या शतकात आकडा पंच्याहत्तरापर्यंत गेला. आणि थोरली पाती, जिनं शंभराचं स्वप्न बघितलं होतं, ती चोविसाव्यावरच संपली.

मी या याद्या बघत बसले होते एका संध्याकाळी, वंशावळी बघायचा मला नाद आहे, आणि सुरुवातीला हसू येत होतं. मग तो पंच्याहत्तरावा सापडला. जन्म १८००, मृत्यू १८०१. म्हणजे जर्मन संस्थानिकांत सगळ्यात मोठा आकडा ज्याच्या नावापुढं लागलाय ते एक तान्हं बाळ होतं. त्यानंतर यादी परत वरून वाचली तर अशी कितीतरी, महिन्याभराची, वर्षाची, तीन वर्षांची. राजांची यादी करणाऱ्यांनी ही पोरं कधीच गाळली असती. इथं मात्र मधला आकडा गाळता येत नाही, बाळ गेलं तरी त्याचा नंबर दुसऱ्याला देत नाहीत, त्यामुळे पाळण्यात गेलेलं पोरसुद्धा घराच्या हिशोबात कायमचं बसलेलं आहे. मला हे आवडलं. विक्षिप्त आहे, पण आवडलं.

मुलींना मात्र नंबर नाही. मुलींना नावं. त्यावर येतेच पुढं, कारण माझ्या मते या घराण्याचा खरा इतिहास तिकडंच आहे.

आधी हे लोक आले कुठून ते सांगते. बाराव्या शतकात या डोंगराळ भागात पवित्र रोमन सम्राटाचे कारभारी नेमलेले होते, त्यांना म्हणायचे फोग्ट, आणि त्यांच्यावरूनच या प्रदेशाला फोग्टलांड नाव पडलं. वाइडा, गेरा, प्लाउएन ही त्यांची ठाणी. नेमणूक बादशहाची, पण हळूहळू वंशपरंपरागत झाली, मग जमीन त्यांची, मग किल्ला त्यांचा, मग आडनावच ते. आपल्याकडच्या देशमुखांची गोष्ट डोळ्यासमोर आणा, वसुलीच्या कामापासून वाड्यापर्यंतची, तीच ही. सम्राट हाइनरिख सहावा यानं त्यांच्यावर मेहेरबानी केली म्हणून त्याच्या नावाचा मान ठेवायचा, असं घराण्यात सांगतात, आणि तो मान त्यांनी आठशे वर्षं ठेवलाय. एका माणसाच्या उपकाराची इतकी फेड मी दुसरीकडं बघितलेली नाही. रॉइस हे नाव पडलं तेराव्या शतकात, पूर्वेकडच्या, म्हणजे तेव्हाच्या रुथेनियाकडच्या सोयरिकीमुळे त्यातल्या एका हाइनरिखला 'रशियन' असं टोपणनाव मिळालं ते चिकटलं. लॅटिनमध्ये रुथेनुस. गेरातली जुनी शाळा आजही रुथेनेउम म्हणूनच ओळखली जाते, १६०८ ची आहे.

वाटण्या मात्र या लोकांनी अशा केल्या की विचारू नका. थोरल्या मुलालाच सगळं हा नियम यांच्याकडं फार उशिरा आला, तोवर प्रत्येक हाइनरिखला तुकडा. ग्राइट्सएवढ्या गावाच्याही दोन शाखा होत्या, वरचं ग्राइट्स आणि खालचं ग्राइट्स, म्हणून दोन राजवाडे. एकमेकांच्या खिडक्या दिसतील इतक्या अंतरावर दोन सार्वभौम दरबार! १७६८ ला खालची शाखा संपली आणि वरचा हाइनरिख अकरावा याच्याकडं सगळं एकत्र आलं. हा अकरावा पण अजब, १७२३ ला थोरल्या भावामागं गादीवर आला तेव्हा तो जेमतेम एक वर्षाचा होता आणि १८०० ला मेला तेव्हाही गादीवरच होता. सत्याहत्तर वर्षं. युरोपातल्या सगळ्यात लांब कारकिर्दींमध्ये हे नाव निघतं, पण राज्य एवढंसं की कुणाच्या लक्षात राहत नाही. १७७८ ला त्याला काउंटचा प्रिन्स केला गेला आणि तिथून ग्राइट्स हे अधिकृतपणे राजधानीचं शहर.

राजधानी कशाची, तर सुमारे ३१७ चौरस किलोमीटरची. आपल्या मुंबईचं एकूण क्षेत्रफळ ६०० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे अर्ध्या मुंबईएवढा देश. त्याला स्वतःचा राजा, स्वतःचं सरकार, स्वतःची राज्यघटना (१८६७ ची), आणि जर्मन साम्राज्याच्या संघसभेत, म्हणजे बुंडेसरातमध्ये, स्वतःचं एक मत. एकूण मतं ५८, त्यातली १७ प्रशियाची, म्हणजे साम्राज्यातल्या सगळ्यात बलाढ्य राज्याची.

गाव आज बघायला गेलं तर पहिल्यांदा दिसतो डोंगरावरचा वरचा राजवाडा. त्याच्यात वेगवेगळ्या शतकांतले भाग एकमेकांना टेकून उभे आहेत, कुठं मध्ययुगीन विटांचं काम, कुठं रेनेसाँचं, कुठं बरोक. खालचा राजवाडा मात्र एकसंध वाटतो, कारण १८०२ च्या एप्रिलमध्ये गावाला प्रचंड आग लागली, जवळजवळ सगळं गाव गेलं आणि त्यात तोही जळाला, मग नव्यानं बांधला. शेजारीच सेंट मेरी चर्च. मी गेले होते तेव्हा ऑक्टोबर होता, पर्यटक म्हणावेत असे मी आणि एक म्हातारं जोडपं, आणि ते दोघं खालच्या राजवाड्यातल्या मागाच्या यंत्रापुढं उभे राहून एकमेकांना काहीतरी समजावत होते, बहुतेक त्यातलं कुणीतरी गिरणीत काम केलेलं असावं. कारण ग्राइट्स हे मुळात कापडाचं गाव. एकोणिसाव्या शतकात यंत्रमाग आले, लोकरीचं कापड निघायला लागलं, गिरणीमालकांनी पैसे कमावले आणि १९०० च्या सुमाराला युगेंडश्टील पद्धतीच्या, फुलापानांच्या नक्षीच्या इमारती बांधल्या, आजही रस्त्यातून चालताना मान वर करूनच चालावं लागतं. १९९० नंतर गिरण्या बसल्या, तरुण मंडळी पश्चिमेला गेली. गिरणगावातून आलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगायला नको.

आता समर पॅलेस. नदीकाठी मोठी इंग्लिश पद्धतीची बाग आहे, तिच्यात त्या सत्याहत्तर वर्षंवाल्या अकराव्यानं बांधलेला उन्हाळी महाल. दर्शनी बाजूवर फ्रेंचमध्ये लिहिलंय, सुंदर निवांत विसाव्याचं घर अशा अर्थाचं काहीतरी. आत पुस्तकांचा आणि ताम्रपटावरून छापलेल्या चित्रांचा संग्रह आहे, आणि तो इतका चांगला आहे की एवढ्याशा गावात हे आलं कुठून असा प्रश्न पडतो. उत्तर असं की इंग्लंडचा राजा जॉर्ज तिसरा, त्याची मुलगी एलिझाबेथ, तिचं लग्न १८१८ ला हेसे-होम्बुर्गच्या राजपुत्राशी झालं. तिला चित्रं जमवायचा नाद, इंग्लिश मेझोटिंट म्हणजे काळ्या मखमलीतून उजेड वर आल्यासारखी छपाई, शिवाय व्यंगचित्रं. मूलबाळ नव्हतं. ती १८४० ला गेली आणि तिचा संग्रह गेला नवऱ्याच्या पुतणीकडं, कारोलीनेकडं. आणि कारोलीने तेव्हा लग्न होऊन ग्राइट्सला आलेली होती. मागून पेट्या आल्या.

त्याच महालात पुढं पूर्व जर्मनीच्या काळात, १९७५ ला, व्यंगचित्रांचा वेगळा विभाग काढला, साटिरिकुम नावाचा. कम्युनिस्ट राजवटीनं सरकारी खर्चानं जपलेली व्यंगचित्रं, एका संस्थानिकाच्या महालात, आणि बीज एका इंग्लिश राजकन्येच्या हौसेचं. मी तिथं फार वेळ रेंगाळले. भिंतीवरच्या एका जुन्या इंग्लिश चित्रात एक लठ्ठ लॉर्ड आणि त्याच्याहून लठ्ठ कुत्रा होता, बाकी काय होतं ते विसरले.

तर कारोलीने. तिचा नवरा हाइनरिख विसावा १८५९ ला वारला, मुलगा तेरा वर्षांचा, त्यामुळे राज्य तिच्या हातात आलं. बाई कडक. प्रशियाचा आणि त्याचा पंतप्रधान बिस्मार्क याचा तिला मनापासून तिटकारा. १८६६ ला प्रशिया आणि ऑस्ट्रियाचं युद्ध पेटलं तेव्हा जर्मनीतल्या छोट्या छोट्या संस्थानिकांनी वारं बघितलं आणि गुपचूप प्रशियाकडं सरकले, शेजारी गेरातली धाकटी पातीसुद्धा. ही बाई ऑस्ट्रियाच्या बाजूनं उभी राहिली. अर्ध्या मुंबईएवढ्या राज्याच्या जिवावर! व्हायचं तेच झालं, ऑगस्टमध्ये प्रशियाचं सैन्य गावात शिरलं, तिला नमावं लागलं, उत्तर जर्मन संघात सामील व्हावं लागलं, वर एक लाख थालरचा दंड, तो युद्धातल्या विधवा आणि जखमींच्या फंडासाठी. हॅनोव्हरसारखं मोठं राज्य याच युद्धानंतर नकाशावरून पुसलं गेलं आणि ग्राइट्स वाचलं, कदाचित ते गिळण्याइतकंही मोठं नव्हतं म्हणून.

पुढच्याच वर्षी मुलगा गादीवर आला, हाइनरिख बाविसावा, आणि त्यानं आईचा राग वारशात घेतला तो मरेपर्यंत सोडला नाही. १८७१ ला साम्राज्य झालं, सगळीकडं झेंडे, सगळीकडं बिस्मार्कचे पुतळे, आणि हा ग्राइट्सला बसून संघसभेतलं आपलं एकुलतं एक मत कित्येकदा प्रशियाच्या विरोधात टाकतोय. त्या मतानं काही अडायचं नाही, त्यालाही ते माहीत होतंच. इतिहासकार त्याला प्रतिगामी म्हणतात आणि तो होताच, लोकशाहीबिकशाहीचं त्याला काही कौतुक नव्हतं, त्याचा राग एका राजाचा दुसऱ्या राजावरचा राग होता. तरी मला या माणसाबद्दल थोडं ममत्व वाटतं, आडमुठेपणाला सुद्धा एक दर्जा असतो.

त्याला पाच मुली आणि एक मुलगा. मुलगा म्हणजे हाइनरिख चोविसावा, लहानपणापासूनच अपंग, राज्य चालवणं शक्यच नव्हतं. म्हणून १९०२ ला बाप गेल्यावर गेराच्या धाकट्या पातीतले हाइनरिख आधी चौदावा आणि मग सत्ताविसावा यांनी त्याच्या वतीनं कारभार बघितला. हे आकडे वाचताना गोंधळ होतो याची मला कल्पना आहे, दोनदा वाचा, होतं हळूहळू.

आणि मुलींमधली चौथी, हेर्मीने. जन्म १८८७, ग्राइट्स. लग्न एका सायलेशियन राजपुत्राशी, पाच मुलं, १९२० ला नवरा वारला. तिकडं जर्मनीचा कैसर विल्हेल्म दुसरा गादी सोडून हॉलंडमध्ये डोर्न इथं लाकडं तोडत बसलेला, त्याची बायको १९२१ ला गेलेली. १९२२ च्या जानेवारीत हेर्मीनेच्या एका पोरानं माजी कैसरला वाढदिवसाचं पत्र पाठवलं, म्हाताऱ्याला ते भावलं, त्यानं पोराला आणि आईला भेटायला बोलावलं, आणि त्याच नोव्हेंबरात लग्न. तो ६३, ती ३४. कैसरच्या घरातले नाराज, राजनिष्ठ मंडळी नाराज, एवढ्यात कसं लग्न केलं म्हणून. माझ्या डोक्यात मात्र सारखा बाविसावा येतो. ज्या होहेनझोलर्न घराण्याचं, म्हणजे प्रशियाच्या राजघराण्याचं, नाव काढलं की या माणसाच्या कपाळाला आठी पडायची, त्याच घराण्यात मुलगी पडली, तेही सिंहासन गेल्यावर, नुसती पदवी उरलेली असताना. वीस वर्षं आधी मेला म्हणून सुटला.

हेर्मीने भोळी नव्हती. तिला खरंच वाटायचं की गादी परत मिळेल, त्यासाठी ती बर्लिनला जाऊन नाझी पुढाऱ्यांच्या गाठीभेटी घ्यायची. त्यांनी वापरून घेतलं आणि काहीच दिलं नाही. कैसर १९४१ ला गेला, ती सायलेशियात परतली, १९४५ ला रशियन फौजा आल्यावर पळाली, शेवटी फ्रँकफुर्टला (मेन नदीवरचं नाही, ओडर नदीवरचं, पोलंडच्या सीमेवरचं) सोव्हिएत देखरेखीखाली राहिली आणि तिथंच १९४७ ला वारली. पुरलं तिला पोट्सडामला, सान्सुसीच्या बागेतल्या अँटिक टेम्पलमध्ये, कैसरच्या पहिल्या बायकोजवळ. कैसर स्वतः डोर्नलाच आहे.

पण माझी आवडती आहे ती हिच्या कितीतरी आधीची, आणि तिच्यासाठी ग्राइट्सहून पश्चिमेकडं जावं लागतं, एबर्सडोर्फला. हे तर खेडंच. तिथं धाकट्या पातीच्या एका पोटशाखेचा राजवाडा. रॉइस-एबर्सडोर्फ. १७५७ ला तिथं ऑगस्टा जन्मली. तिच्या बापानं टिशबाइन या चित्रकाराकडून तिचं चित्र काढून घेतलं, स्थळं यावीत म्हणून, आणि सांगतात की कोबुर्गच्या राजपुत्रानं ते चित्र बघितलं आणि भलतीच किंमत देऊन विकत घेतलं. त्याचं लग्न आधी दुसरीकडं झालं, ती बिचारी काही महिन्यांत गेली, आणि १७७७ ला यांचं लग्न लागलं. कोबुर्गचं घर तेव्हा कर्जात बुडालेलं. ऑगस्टानं मग एक-एक करून पोरांची लग्नं अशी लावली की बुद्धिबळाच्या पटासमोर बसलेली बाई वाटते. १७९५ ला तीन मुली घेऊन थेट रशियाच्या कॅथरिनच्या दरबारात गेली आणि एकीचं लग्न ग्रँड ड्यूक कॉन्स्टंटिनशी ठरवून आली. एक मुलगा लिओपोल्ड, पुढं बेल्जियमचा पहिला राजा. एक मुलगी व्हिक्टोरिया, तिचं लग्न इंग्लंडच्या ड्यूक ऑफ केंटशी, त्यांची लेक म्हणजे आपली व्हिक्टोरिया राणी. थोरला मुलगा एर्न्स्ट, त्याचा मुलगा अल्बर्ट, म्हणजे व्हिक्टोरियाचा मामेभाऊ आणि नवरा. म्हणजे ऑगस्टा एकाच वेळी व्हिक्टोरियाची आईकडून आजी आणि अल्बर्टची बापाकडून आजी.

भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड म्युझियम आपण लहानपणापासून बघतो, १८७२ ला ते उघडलं तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं, १९७५ ला बदललं. आत अल्बर्टचा संगमरवरी पुतळा आहे अजून, डेव्हिड ससूनच्या पैशातला. त्या पाटीवरची दोन्ही नावं एबर्सडोर्फच्या या बाईच्या नातवंडांची. बोरीबंदरच्या स्टेशनला १८८७ च्या ज्युबिलीला दिलेलं नावही नातीचंच. आणि थांबा, गोवा राहिलाच की. ऑगस्टाच्या आणखी एका मुलाचा मुलगा फर्नांडो, त्याचं लग्न पोर्तुगालची राणी मारिया दुसरी हिच्याशी झालं, त्यांची मुलं पेद्रू पाचवा आणि लुईश पहिला. १८८१-८२ च्या पोर्तुगीज रुपयावर ज्या लुईशचं डोकं आहे, ज्याच्या नावानं पणजीत कारभार चालायचा, तो ऑगस्टाचा पणतू. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालवणपासून पणजीपर्यंत जाणारा माणूस सीमा ओलांडायचा तो ऑगस्टाच्या नातीच्या राज्यातून ऑगस्टाच्या पणत्वाच्या राज्यात. त्याला पत्ताही नाही, आणि एबर्सडोर्फलाही नाही.

त्याच एबर्सडोर्फची एर्डमुटे डोरोथेया. ती ऑगस्टाच्या आधीच्या पिढ्यांमधली, जन्म १७००. काउंट झिन्झेनडोर्फशी लग्न, ज्यानं हेर्नहूटची मोरावियन ख्रिस्ती मंडळी वसवली. तो धर्मप्रसारात गुंतलेला, हद्दपार होतोय, जगभर फिरतोय, आणि जमीनजुमला, कर्ज, शेकडो माणसांचं खाणंपिणं सगळं हिनं सांभाळलं. हेर्नहूटची माणसं पुढं ग्रीनलँडला गेली, कॅरिबियनला गेली, लाहौलमध्ये केलाँगला आणि १८८५ ला लेहला पोचली. लडाखला जाणाऱ्या मराठी मंडळींनी लेहचं मोरावियन चर्च बघितलं असेल. त्यामागं खर्चाच्या वह्या सांभाळणारी एक रॉइस मुलगी आहे. धाकट्या पातीतल्याच क्योस्ट्रित्स शाखेची एलिओनोरे तर बल्गेरियाची राणी झाली १९०८ ला, आणि राणी होऊन काय केलं तर युद्धातल्या दवाखान्यांत नर्सचं काम, ते ती आधी रशिया-जपान युद्धातही करून आलेली होती.

म्हणून म्हणते, नंबर मुलांना आणि नाव मुलींना. मुलं घरी राहून तुकड्यांवर राज्य करत राहिली, मुली बाहेर पडल्या.

अर्थात एका हाइनरिखला मी सोडणार नाही. गेराचा हाइनरिख, ज्याला पोस्थुमुस म्हणतात कारण १५७२ ला तो जन्मला तेव्हा बाप आधीच गेलेला होता. हा माणूस चांगला होता, सरळ शब्दांत. धर्मापायी नेदरलँड्समधून पळून आलेल्या विणकरांना त्याच्या गेरात आसरा मिळाला, तिथल्या कापडधंद्याला तिथून जोर आला. वर सांगितलेली रुथेनेउम शाळा त्याचीच. संगीताचा शौकीन. तीस वर्षांचं युद्ध चाललेलं, खेडी जळतायत, प्लेग आलाय, आणि या माणसानं जिवंतपणी स्वतःची शवपेटी तयार करून घेतली, कुणाला न सांगता, आणि तिच्यावर सगळ्या बाजूंनी बायबलमधली वचनं आणि भजनांच्या ओळी लिहवून घेतल्या, कुठली ओळ डोक्याशी, कुठली पायाशी, सगळं स्वतः ठरवून. १६३५ च्या डिसेंबरात तो गेला. त्याच्याच राज्यात, क्योस्ट्रित्सला जन्मलेला हाइनरिख श्यूट्स (हा रॉइस नव्हे, खानावळवाल्याचा मुलगा) तोवर मोठा संगीतकार झालेला. त्याला काम दिलं की या पेटीवरच्या ओळींना चाल लाव. ४ फेब्रुवारी १६३६ ला अंत्यसंस्कारात ती रचना गायली गेली.

मी ती रात्री हेडफोन लावून ऐकली. शेवटच्या भागात श्यूट्सनं मुख्य गायकवृंद एकीकडं ठेवलाय आणि दूरवर तीन आवाज वेगळे उभे केलेत, दोन देवदूत आणि एक मेलेल्या माणसाचा आत्मा. जवळचे लोक एक मजकूर गातायत, लांबून दुसराच मजकूर येतोय. पहिल्यांदा ऐकताना शेजारच्या फ्लॅटमध्ये काहीतरी लावलंय असं वाटलं मला, इतकं ते लांबचं आहे. जर्मन भाषेतली ही पहिली रिक्विएम, म्हणजे मृतांसाठीची संगीतरचना, मानतात.

उरलेलं पटकन सांगते कारण ते सगळीकडं सारखंच आहे. नोव्हेंबर १९१८ ला राज्यं गेली. दोन्ही रॉइस मिळून १९१९ ला एक लोकराज्य झालं, ते १ मे १९२० ला थुरिंगियात विलीन झालं. चोविसावा १९२७ ला वारला आणि थोरली पाती संपली. धाकटीतल्या गेराच्या शाखेचा शेवटचा वारस हाइनरिख पंचेचाळिसावा, नाटकवेडा माणूस, गेराच्या थिएटरमागं आयुष्य घातलं, १९४५ ला रशियनांनी पकडून नेला आणि परत आलाच नाही, १९६२ ला कोर्टानं मृत जाहीर केला. गेराचा ओस्टरश्टाइन राजवाडा एप्रिल १९४५ ला बॉम्बनी पडला, उरलेला त्याच १९६२ ला सुरुंग लावून पाडला, जुना बुरूज तेवढा आहे.

आणि मग ७ डिसेंबर २०२२. जर्मनीभर तीनेक हजार पोलिसांनी एकाच सकाळी छापे घातले, पंचवीस जणांना अटक, आणि टीव्हीवर ट्वीडचं जाकीट घातलेला, मास्क लावलेला एक म्हातारा पोलिसांबरोबर चालताना दिसला. हाइनरिख तेरावा, प्रिन्स रॉइस. आरोप असा की सरकार उलथवून टाकायचा कट होता आणि नंतर देशाचा प्रमुख म्हणून हा बसणार होता, बाड लोबेनश्टाइनजवळची त्याची शिकारीची कोठी हे भेटायचं ठिकाण. फ्रँकफुर्टला (या वेळी मेन नदीवरचं) मे २०२४ मध्ये खटला उभा राहिला. घराण्याच्या प्रमुखानं, म्हणजे चौदाव्यानं, आमचा याच्याशी संबंध नाही असं आधीच जाहीर केलेलं होतं. छाप्यांच्या त्या आठवड्यात ऑफिसमधला प्रत्येक जर्मन माणूस त्या नावावर विनोद करत होता, तेरावाच का, बाकीचे बारा कुठं आहेत वगैरे. त्यातल्या बहुतेकांना ग्राइट्स नकाशावर दाखवता आलं नसतं. कटाचं काय ते कोर्ट बघेल, पण आठशे वर्षांच्या घराण्याचं नाव जगभर पोचलं ते यामुळं, याचं मला खरंच वाईट वाटलं, ओळखीच्या घरातलं कुणी पेपरात आलं की वाटतं तेवढं.

जायचं असेल तर गेराहून एल्स्टरच्या काठानं जाणारी छोटी गाडी आहे, खिडकीतून नदी सारखी या बाजूला त्या बाजूला होत राहते. शिकारीच्या कोठीच्या नादाला लागू नका, तिथं बघण्यासारखं काही नाही आणि गावकरी कॅमेरेवाल्यांना वैतागलेत असं म्हणतात. समर पॅलेसला निवांत वेळ ठेवा. क्योस्ट्रित्सला श्यूट्सचं घर आहे, शिवाय तिथली काळी बिअर, श्वार्झबिअर, तीही प्यायला हरकत नाही. जवळच ग्योल्ट्शचा रेल्वेपूल, विटांनी बांधलेला जगातला सगळ्यात मोठा, दोन कोटी साठ लाख विटा, १८५१ चा, त्याच्याखाली उभं राहून वर बघा. फक्त सोमवारी जाऊ नका, म्युझियमं बंद असतात.